जीडब्ल्यू-बेसिकमध्ये जॉयस्टिकच्या बटणाचा दाब कसा टिपावा

जीडब्ल्यू-बेसिक ही डॉसवर चालणारी मायक्रोसॉफ्टची जुनी प्रोग्रॅमिंग भाषा. जॉयस्टिक जोडलेली असून चालते आहे, असे मी गृहीत धरतो. आज्ञा येथे देवनागरीत दिल्या असल्या, तरी टाइप रोमनमध्येच कराव्यात. उदाहरणाला हलगी घेऊ: बटण दाबले की एक ठोका.

आरंभी 'स्ट्रिग ऑन' (STRIG ON; स्ट्रिग म्हणजे जॉयस्टिकचे बटण), त्याखाली 'ऑन स्ट्रिग(०) गोसब ५००' आणि मग 'स्ट्रिग(०) ऑन' लिहावे. ही शेवटची ओळ विसरल्यास बटणावर पाळतच बसत नाही. ५०० क्रमांकाच्या ओळीवर 'साउंड', पुढे 'रिटर्न'. बटण दाबताच प्रोग्रॅम जेथे जाऊन परततो, तो हा भाग म्हणजे सबरूटीन. त्याच जॉयस्टिकच्या दुसऱ्या बटणाचा क्रमांक ४ आहे, २ नव्हे. २ हा दुसऱ्या जॉयस्टिकचा.

खरी गोम पुढेच आहे. स्ट्रिग हे फंक्शनही आहे, म्हणजे विचारले की उत्तर देते. स्ट्रिग(०) सांगते की मागच्या वेळी विचारल्यापासून बटण दाबले गेले का, तर स्ट्रिग(१) सांगते की ते या क्षणी दाबलेले आहे का. होकार म्हणजे -१, नकार म्हणजे ०. मी ज्या क्लासमध्ये शिकलो, तेथे सबरूटीनमध्ये शिरल्यावर खात्रीसाठी पुन्हा स्ट्रिग(०) तपासायला शिकवत. त्या सल्ल्यापायी कोल्हापुरात राजारामपुरीतल्या खोलीत पावसाळ्यातली एक अख्खी संध्याकाळ मी जॉयस्टिकची वायर हलवण्यात आणि बटण उघडून पुसण्यात घालवली, पण हलगी मुकीच राहिली. कारण ज्या दाबामुळे प्रोग्रॅम ५०० वर जातो, त्याची नोंद स्ट्रिग(०) मध्ये होतच नाही, त्यामुळे तेथे उत्तर ० येते. प्रोग्रॅम तेथे पोहोचला, हीच खात्री. बटण धरून ठेवले आहे का, हे हवे असेल तरच स्ट्रिग(१) विचारावे.

सबरूटीन चालू असताना बेसिक आपण होऊन 'स्ट्रिग(०) स्टॉप' करते, म्हणजे पाळत तात्पुरती रोखते, आणि रिटर्नला पुन्हा 'ऑन'. स्टॉपमध्ये झालेला दाब लक्षात ठेवला जातो, ऑफमध्ये झालेला नाही. म्हणूनच सबरूटीनमध्ये वेळ काढण्यासाठी रिकामे फॉर-नेक्स्ट घालणाऱ्यांची मला चीड येते: तेवढ्या वेळात बटणाला पुन्हा बोट लागले, तर परतताच नको असलेला ठोका पडतो.

मुख्य लूपमध्ये 'इनपुट' नको. बेसिक बटणाची दखल दोन विधानांच्या मध्ये घेते, त्यामुळे इनपुटवर अडकलेला प्रोग्रॅम एंटर दाबेपर्यंत ठोका देणार नाही. तेथे 'इंकी$' (INKEY$) वापरावे; ते कळ दाबली जाण्याची वाट पाहत थांबत नाही.