बाळाच्या पोटदुखीवर सुगंधी तेल? या चुका टाळा

ओव्याची पुरचुंडी तव्यावर कोमट करायची, आधी आपल्या मनगटाला लावून पाहायची आणि मग बाळाच्या पोटावरून फिरवायची, ही एक गोष्ट. ‘शंभर टक्के नैसर्गिक’ लिहिलेल्या बाटलीतलं ओव्याचं इसेन्शियल ऑइल (अर्क काढलेलं तीव्र सुगंधी तेल) पोटावर चोळणं ही अगदी वेगळी. त्या तेलात ओव्यातला थायमॉल हा उग्र घटक एकवटलेला असतो आणि तो बाळाच्या पातळ कातडीला पोळतो. ‘आमच्या आजीपण लावायच्या’ हे इथे लागू नाही. आजींकडे पुरचुंडी होती, ही बाटली नव्हती.

सगळ्यात घातक पुदिना आणि निलगिरीची तेलं आणि कापूर. पुदिन्यातला मेन्थॉल नाकाजवळ गेला तर तान्ह्या बाळाचा श्वास अडकू शकतो. कापूर कातडीतूनही अंगात शिरतो. पोटात गेला तर थोड्याच वेळात झटके येऊ शकतात. पुष्कळ घरांत खोबरेलात कापूर विरघळवून ठेवलेला असतो. ती बाटली मालिशवाल्या मावशींच्या हाती लागू देऊ नका. मालिशला नुसतं खोबरेल पुरतं.

तेलाचा एखादा थेंब चाटवला तर? बडीशेपेचा असो की शेपेचा, नको. चक्रीफूल उकळून दिलेलं पाणीही नको. त्यात हुबेहूब दिसणारं विषारी जपानी चक्रीफूल मिसळलं जाऊ शकतं. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २००३ मध्ये तसा इशारा दिला होता. मध तर वर्षाच्या आत देऊच नये. हिंगाचा लेप लावणार असाल, तर नाळ पडून बेंबी पूर्ण सुकेपर्यंत थांबा.

तेल लावल्यावर रडं थांबलं, तर बऱ्याचदा पोटावरून गोल फिरलेल्या हाताचाच तो गुण. शिवाय हे रडं दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात सुरू होतं, सहाव्याच्या सुमारास कळस गाठतं आणि ३-४ महिन्यांत आपसूक ओसरतं. ओसरताना घरात जी बाटली असेल, ती ‘रामबाण’ ठरते!

रडं थांबत नसेल तर बाळाला खांद्यावर उभं धरून ढेकर काढा, पाय सायकलसारखे हलवा. पायाच्या बोटाला केस गुंडाळला गेलाय का, तेही बघा. हे कारण हमखास नजरेतून सुटतं.

तेल लावून अंग लाल झालं असेल तर साध्या खोबरेलाने पुसून मग सौम्य साबणाने धुवा. पोटात गेलं असेल तर उलटी करवू नका, बाटली सोबत घेऊन थेट हॉस्पिटल गाठा. हिरवी उलटी, शीमध्ये रक्त, फुगून टणक झालेलं पोट, दूध सोडणं किंवा तीन महिन्यांच्या आतल्या बाळाला १००.४ फॅरनहाइट ताप, यातलं काहीही दिसलं तर सकाळची वाट पाहू नका.