मेट्रोनोमशिवाय गायलेल्या अभंगाला टेंपोची आखणी कशी बसवावी

मेट्रोनोम (ठरीव गतीने ठोके देणारे साधन) न लावता, समोरासमोर बसून गायलेल्या अभंगाचे ध्वनिमुद्रण हाती येते आणि त्यावर बेस, स्ट्रिंग्ज किंवा जादा तालवाद्ये चढवायची असतात, तेव्हा पहिली अडचण ग्रिडची, म्हणजे ध्वनिमुद्रणाच्या सॉफ्टवेअरमध्ये मात्रा दाखवणाऱ्या उभ्या रेषांची, येते. गायक, हार्मोनियमवादक आणि पखवाजवादक एकमेकांचा अंदाज घेत लय धरतात. ती चरणागणिक थोडी चढते, गजराकडे वळताना आणखी चढते. या रेषा मात्र १२० बीपीएमच्या (मिनिटाला १२० मात्रांच्या) ठरीव गतीने सरळ पुढे जात राहतात. अशा वेळी आवाज कापून किंवा ताणून रेषांवर आणण्याचा मोह होतो. माझे आग्रहाचे सांगणे असे की, आवाजाला हात न लावता रेषाच आवाजाकडे न्याव्यात, कारण लयीचा तो चढ म्हणजे मुद्रणातला दोष नसून गायनाचाच भाग असतो. अशा रीतीने सरकवलेल्या रेषांच्या आखणीला टेंपो मॅप म्हणतात.

येथे रीपर हे सॉफ्टवेअर धरून सांगितले आहे, परंतु तत्त्व सगळीकडे तेच आहे. सर्वांत आधी प्रोजेक्ट सेटिंग्ज उघडून आयटेमचा (ट्रॅकवरील मुद्रणाच्या तुकड्याचा) टाइमबेस, म्हणजे तो कशाला बांधलेला राहील हे ठरवणारी मांडणी, ‘टाइम’ असा ठेवावा. मूळ मांडणीत तो ‘बीट्स’ असतो, आणि तो तसाच राहिला तर टेंपो बदलताच मुद्रणही सरकते किंवा ताणले जाते, म्हणजे ज्याच्या आधाराने आखणी करायची तेच पायाखालून निसटते. त्यानंतर सर्व मायक्रोफोनचे ट्रॅक एकाच क्षणी सुरू होत असल्याची खात्री करून त्यांचा एक गट करावा आणि आयटेम लॉक करावेत.

आता मेझरची, म्हणजे ग्रिडवरील मात्रांच्या एका गटाची, लांबी ठरवावी. भजनी ठेका ८ मात्रांचा असल्यामुळे मेझर ८/४ ठेवले की एक मेझर म्हणजे एक आवर्तन, असा सरळ हिशेब जमतो आणि प्रत्येक मेझरच्या तोंडाशी सम, म्हणजे आवर्तनाची पहिली मात्रा, येते. याच न्यायाने रूपकासाठी ७/४ आणि झपतालासाठी १०/४ घ्यावे. चार-चार मात्रांची मेझरे केली तरी गणित चुकत नाही, पण मग सम कोणत्या रेषेवर आणि काल (खाली) कोणत्या रेषेवर हे सतत मोजत बसावे लागते.

सुरुवातीच्या आलापाला ठेका नसतो, म्हणून त्यात मात्रा शोधत बसू नये. फक्त पहिली सम एखाद्या मेझरच्या आरंभी येईल एवढे पाहावे. समजा, पहिली सम ४० व्या सेकंदाला येते. आलापासाठी ८ मात्रांची ६ मेझरे, म्हणजे ४८ मात्रा धरल्या, तर ४० सेकंदांत ४८ मात्रा बसण्यासाठी टेंपो ७२ बीपीएम लागतो आणि सातवे मेझर बरोबर समेवर सुरू होते. हा ७२ चा आकडा केवळ सोयीचा आहे, त्याचा आलापाच्या गतीशी काही संबंध नाही.

खरे काम पहिल्या समेपासून सुरू होते. पखवाजाचा आयटेम निवडून टॅब कळ दाबली की कर्सर पुढच्या आघातावर जातो. मात्र प्रत्येक आघात सारख्याच विश्वासाचा नसतो. डाव्या पुडीचा घुमारा हळू उमलतो, त्यामुळे त्याची सुरुवात नेमकी कोठे धरावी हे डोळ्यांना समजत नाही. टाळाचा आघात तीक्ष्ण दिसतो, पण चार टाळकरी असले की चार टोके जवळजवळ उमटतात. गायकाच्या आवाजावर तर खूण करूच नये, कारण चांगला गायक समेचे अक्षर पुष्कळदा मुद्दाम किंचित मागे ठेवतो आणि त्या मागे रेलण्यातच गोडी असते. शाईच्या पुडीवरचा आघात स्वच्छ आणि एकटा असतो, म्हणून खूण त्यावरच करावी.

एका समेपासून पुढच्या समेपर्यंतचा भाग निवडावा आणि इन्सर्ट मेनूतील, निवडलेल्या भागावरून मेझर तयार करण्याचा पर्याय वापरावा. सॉफ्टवेअर टेंपो स्वतः काढते, तरी हिशेब आपल्यालाही ठाऊक असावा: मात्रांची संख्या गुणिले ६०, भागिले सेकंद. आवर्तन ६.४ सेकंदांचे असेल तर ४८० भागिले ६.४, म्हणजे ७५ बीपीएम, पुढचे ६.३ सेकंदांचे असेल तर ७६.१९. हे दशांश नीटनेटकेपणासाठी उडवू नयेत. ७६.१९ ऐवजी ७६ लिहिले तर एका आवर्तनात सुमारे १६ मिलिसेकंदांची चूक होते, आणि तीच गती दहा आवर्तने चालू ठेवली तर ती दीडशे मिलिसेकंदांच्या पुढे जाते. मग जोडलेला बेस उघडउघड मागे पडलेला ऐकू येतो.

सर्व समा बांधून झाल्यावर मेट्रोनोम लावून, शक्यतो कोरड्या, आखूड आवाजाचा ठोका निवडून, पूर्ण अभंग ऐकावा. आवर्तनाच्या मध्यभागी ठोका आणि थाप वेगळी ऐकू आली तर पाचव्या मात्रेवर आणखी एक खूण करावी आणि बहुधा तेथेच थांबावे. प्रत्येक मात्रेवर खूण केली की ग्रिड कागदावर अचूक होतो, पण त्यावर वाजवलेली वाद्ये थरथरतात, कारण वादकाच्या हाताची प्रत्येक बारीक हालचाल त्यांच्यात उतरते. दहा-पंधरा मिलिसेकंदांचा मागेपुढेपणा माझ्या मते तसाच राहू द्यावा. एका खुणेपासून दुसरीपर्यंत टेंपो हळूहळू चढता ठेवण्याची सोयही असते, पण तिच्यामुळे मधल्या रेषा हलतात, म्हणून सगळ्या समा पक्क्या होईपर्यंत ती वापरू नये.

लॉजिक या दुसऱ्या सॉफ्टवेअरमधील स्मार्ट टेंपो किंवा क्यूबेसमधील टेंपो डिटेक्शन हेच काम आपोआप करू पाहते. लाइव्ह या सॉफ्टवेअरमध्ये वॉर्प केलेली (मात्रांना बांधलेली) क्लिप टेंपोची लीडर ठरवता येते आणि मग पूर्ण प्रोजेक्ट तिच्यामागून चालतो. ही साधने वेळ वाचवतात, मात्र ती आघात मोजतात, ताल ओळखत नाहीत. पखवाज दुगुणीत गेला की लय तीच असूनही आघात दुप्पट होतात, आणि सॉफ्टवेअर ७५ वरून एकदम १५० वर उडी घेऊ शकते. आपोआप काढलेल्या मॅपमध्ये अशी दुप्पट किंवा निम्मी उडी दिसली की तो भाग हाताने पुन्हा बांधावा.

कधी कधी गरजच उलटी असते आणि मुद्रण एका ठरलेल्या गतीवर आणावे लागते. त्यासाठीही आधी वरीलप्रमाणे मॅप करावा, मग लॉक काढून आयटेमचा टाइमबेस टेंपोनुसार आपोआप ताणला जाणारा ‘बीट्स’ असा बदलावा आणि त्यानंतरच मधल्या खुणा काढाव्यात. येथे सर्व ट्रॅक एकत्रच ताणले पाहिजेत: पखवाजाच्या मायक्रोफोनमध्ये गायकाचा आवाजही उतरलेला असतो, त्यामुळे एकच ट्रॅक हलवला तर आवाज पोकळ होतो. तीन-चार टक्क्यांची ताण बहुधा जाणवत नाही; त्यापुढे मींड चिकट आणि थाप बोथट ऐकू येऊ लागते. त्यामुळे ७५ पासून ९६ पर्यंत चढलेला अभंग ८५ वर सपाट करण्यापेक्षा चढ कायम ठेवून फक्त त्यातले धक्के कमी करावेत.

काम दुसऱ्या संयोजकाकडे पाठवायचे असेल तर टेंपो मॅपसह मिडी फाइल (आवाज नसलेली, फक्त स्वर आणि टेंपोच्या सूचना असलेली फाइल) काढावी आणि प्रत्येक ट्रॅक शून्य सेकंदापासून सलग रेंडर करून, म्हणजे ऑडिओ फाइल बनवून, सोबत द्यावा. पलीकडे आधी मिडी आणि नंतर ऑडिओ उघडण्यास सांगावे, आणि जुळणी पहिल्या समेवर तपासून न थांबता शेवटच्या तिहाईच्या (तीनदा वाजवून समेवर येणाऱ्या तुकड्याच्या) समेवरही तपासण्यास सांगावे, कारण साठत गेलेली चूक दिसते ती तेथेच.