मोझेलच्या एकाच उतारावरील द्राक्षांपासून रीसलिंग वाइन कशी करावी

जर्मनीतील मोझेल नदीचे खोरे सुमारे ५० अंश उत्तर अक्षांशावर आहे, आणि इतक्या उत्तरेला रीसलिंग या पांढऱ्या वाइनच्या जातीची द्राक्षे पिकतात ती प्रामुख्याने नदीकडे तोंड केलेल्या दक्षिणाभिमुख तीव्र उतारांमुळे. तेथील पाटीचा दगड दिवसा तापतो आणि संध्याकाळनंतर ती ऊब वेलींना परत देतो. एकाच मळ्याची वाइन करायची असेल तर मळ्याचा कोणता तुकडा घ्यायचा हा पहिला निर्णय असतो, आणि तो चुकल्यास तळघरातील कोणतेही कौशल्य त्याची भरपाई करू शकत नाही. शक्यतो उताराच्या मध्यभागातील वेली निवडाव्यात, कारण तळाशी थंड हवा साचून मे महिन्यातही कोवळे फुटवे गारठू शकतात आणि माथ्यावर वाऱ्याचा जोर अधिक असतो.

खरी परीक्षा तोडणीची वेळ ठरवण्यात आहे. फेब्रुवारी-मार्चच्या वाढत्या उन्हात रसातील आम्लता टिकवण्याची चिंता नाशिकच्या बागाईतदाराला असते; मोझेलमध्ये मात्र ऑक्टोबरचे दिवस थंड होत जातात, साखर सावकाश चढते, आणि आम्लता सौम्य होण्याची वाट पाहावी लागते. या काळात दर तीन-चार दिवसांनी वेलीच्या दोन्ही बाजूंचे, वेगवेगळ्या उंचीवरील सुमारे शंभर मणी गोळा करून त्यांचा एकत्र रस काढावा व मोजावा. तेथे साखर ओश्ले अंशांत मोजतात: रसाची घनता १.०८० असेल तर ८० अंश, म्हणजे आपल्या परिचयाच्या मापाने १९ ब्रिक्सच्या (रसातील साखरेची वजनी टक्केवारी) थोडे वर. ८० ते ८५ अंश ओश्ले, लिटरला ८ ते १० ग्रॅम आम्लता आणि तीनच्या आसपास पीएच असेल तर अंगची धार असलेली, हलकी वाइन होऊ शकते. तरीही आकड्यांवर पूर्णपणे विसंबू नये. मणी चावून पाहावा. बी तपकिरी झालेली असावी, आणि साल चावताना हिरवट कडवटपणा जाणवू नये. पाऊस येणार म्हणून घाईने तोडणी करण्यापेक्षा राखाडी बुरशी लागलेले घड आधी काढून टाकावेत आणि उरलेले आणखी काही दिवस वेलीवर राहू द्यावेत, असे माझे स्पष्ट मत आहे.

सुमारे ८० किलो द्राक्षांतून ५० लिटर रस मिळतो. घड देठांसह सावकाश दाबावेत. देठांमुळे रसाला वाहण्यास वाट मिळते. ५० लिटर रसात साडेतीन ग्रॅम पोटॅशियम मेटाबायसल्फाइट (सल्फर डायऑक्साइड सोडणारा, रस टिकवणारा क्षार) घालून तो रात्रभर थंड जागी ठेवावा आणि वर आलेला निवळ रस काढून घ्यावा.

आंबवण्यासाठी मळ्यातीलच यीस्ट वापरायचे असल्यास तोडणीच्या चार-पाच दिवस आधी दोन-तीन किलो निरोगी द्राक्षे कुस्करून वेगळे विरजण लावावे. त्याला व्हिनेगरचा किंवा नेलपॉलिशसारखा वास आल्यास ते निःसंकोच टाकून द्यावे आणि बाजारातील वाइनचे यीस्ट वापरावे. भांड्यात पाचवा हिस्सा जागा मोकळी ठेवून त्याला एअरलॉक (आतला वायू बाहेर सोडणारी पण हवा आत न येऊ देणारी झडप) लावावा, तापमान १५ ते १८ अंश सेल्सिअस राखावे आणि घनता रोज नोंदवावी. आंबताना निघणारा कार्बन डायऑक्साइड हवेपेक्षा जड असल्यामुळे तळघराच्या जमिनीलगत साचतो व जिवावर बेतू शकतो. म्हणून तेथे हवा खेळती असल्याची खात्री केल्याशिवाय उतरू नये.

थोडी गोडी शिल्लक ठेवण्याचा मोह मोझेलच्या परंपरेमुळे स्वाभाविक आहे. त्यासाठी आंबणे मध्येच थांबवून वाइन शून्याजवळ थंड करावी लागते आणि ०.४५ मायक्रॉनच्या गाळणीतून निर्जंतुक बाटल्यांत भरावी लागते. ही सोय नसेल तर साखर पूर्ण संपू द्यावी, कारण उरलेले यीस्ट बंद बाटलीत पुन्हा जागे झाल्यास बाटली फुटते.

आंबणे थांबल्यावर जाड गाळ बाजूला काढावा, पण बारीक गाळावर वाइन मार्चपर्यंत राहू द्यावी. त्यातूनच तिला भरीवपणा येतो. तेथे जुन्या पद्धतीत यासाठी सुमारे १००० लिटरची लाकडी पिंपे वापरतात, मात्र ती इतकी जुनी असतात की वाइनला लाकडाची चव लागत नाही. छोट्या प्रमाणावर काचेची भांडी पुरेशी आहेत, फक्त ती काठोकाठ भरलेली असावीत. वाइन टिकवण्यासाठी घातलेला सल्फर कमी पीएचला अधिक प्रभावी ठरतो: पीएच ३.० असताना मुक्त, म्हणजे इतर घटकांशी न जोडलेल्या, सल्फर डायऑक्साइडचा सुमारे सहा टक्के भाग सूक्ष्मजीवांवर काम करतो, ३.५ असताना जेमतेम दोन टक्के. म्हणून कोरड्या, म्हणजे गोडी न उरलेल्या, रीसलिंगमध्ये लिटरला २५ ते ३० मिलिग्रॅम मुक्त सल्फर पुरतो. हिवाळ्याच्या थंडीत तळाशी दिसणारे खडे टार्टरिक आम्लाच्या क्षाराचे असतात व निरुपद्रवी असतात; त्यांना खाली बसू देऊन मगच वाइन बाटल्यांत भरावी. पुढे विक्रीचा विचार असेल तर जर्मनीत लेबलवर मळ्याचे नाव घालण्यासाठी किमान ८५ टक्के द्राक्षे त्याच मळ्यातील असावी लागतात, त्यामुळे तोडणीपासूनच प्रत्येक भांड्याची वेगळी नोंद ठेवावी.