लग्नाचा हार आणि बुके वाळवून कसा जपावा

लग्नाच्या दिवशी हाराकडे बघायला कोणाला वेळ नसतो. वरमाला गळ्यात पडते, फोटो होतात, पंगतीला बसताना हार काढून खुर्चीच्या पाठीवर टाकला जातो आणि पाठवणीच्या गाडीत तो मागच्या काचेशी पडून राहतो. दुसऱ्या दिवशी सत्यनारायण, मग गोंधळ, मग वणीला सप्तशृंगीच्या दर्शनाला. चार दिवसांनी कोणाला तरी हार आठवतो, तेव्हा गुलाब काळे पडलेले असतात आणि निशिगंधाला कुबट वास सुटलेला असतो. अशा हाराचं मग काही होत नाही. फुलं जपायची असतील तर ती चोवीस तासांत, फार तर दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत वाळवायला लागली पाहिजेत.

आणि अख्खा हार जपायचा हट्ट सोडा. तीन-चार फुटांचा शेवंती-निशिगंधाचा हार वाळवून भिंतीवर टांगला, तर वर्षभरात त्याच्या पाकळ्या झाडूने गोळा कराव्या लागतात. हारातली आणि बुकेतली मिळून आठ-दहा चांगली फुलं, हाराचं जरीचं पदक आणि थोडे मणी एवढं निवडलंत तर ते नीट टिकतं आणि फ्रेममध्येही मावतं.

फुलं सांगतानाच विचार करा

नाशिकला फुलांची ददात नाही. एके काळी गुलशनाबाद म्हणवणारं हे शहर, आणि आज दिंडोरी तालुक्यातल्या मोहाडी-जानोरीच्या पॉलीहाऊसमधून गुलाब बाहेरगावी जातो. त्यामुळे हार सांगायला गेलात की जे हवं ते फूल मिळतं. प्रश्न एवढाच, की त्यातलं वाळल्यावर काय बघण्यासारखं राहतं.

गर्द लाल गुलाब इथे फसवतो. त्याच्या पाकळ्यांतलं पाणी उडालं की रंग दाट होत आधी मरून छटेचा आणि शेवटी जवळपास काळा दिसतो. गुलाबी, केशरी आणि पिवळे गुलाब जास्त प्रामाणिक. गुलाबी थोडा गडद होतो एवढंच. पांढरा गुलाब हस्तिदंती रंगावर येतो, तो मला तरी आवडतो, पण त्यावर बोटाचा दाब पडला असेल तर तिथे तपकिरी डाग उमटतो. झेंडू मात्र खणखणीत. लाल गुलाबाचा रंग अँथोसायनिन या रंगद्रव्याचा असतो, झेंडूचा कॅरोटिनॉइड या रंगद्रव्याचा, आणि हा दुसरा रंग वाळवणीत फारसा हलत नाही. कार्नेशन, जिप्सोफिला आणि ऑर्किडही चांगली वाळतात. ऑर्किडला वेळ जास्त लागतो.

निशिगंध मांसल असल्यामुळे तपकिरी होतो. लिली घ्यायचीच असेल तर फुलवाल्याला आधीच परागकोश काढायला सांगा, नाहीतर पिवळे डाग शालूवरही पडतात. मोगऱ्याचा नाद सोडा. कळ्या कशाही वाळवल्या तरी बदामी पडतात आणि वास उडून जातो. गजऱ्याचा फोटोच काढून ठेवा.

आणखी दोन सूचना हारवाल्याला द्या: चमकी आणि रंगाचा फवारा नको, आणि हारावर पाणी शिंपडणं शेवटी शेवटी बंद. ओल्या पाकळीवर वाळताना डाग पडतात.

लग्नाच्या दिवशी

ही जबाबदारी करवलीला द्या. नवरीला सांगून उपयोग नाही, तिच्या आईला तर नाहीच. करवलीकडे एक मोठा पुठ्ठ्याचा खोका आणि जुनी वर्तमानपत्रं हवीत. वरमालेचे फोटो झाले की हार काढून, हलकेच झटकून, कागदावर सैलसर पसरून खोक्यात ठेवायचा. प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून ठेवायचा नाही, आत घाम येतो. गंगापूर रोडच्या एखाद्या लॉनवर मे महिन्यात लग्न असेल तर खोका गाडीत ठेवू नका. बंद गाडी तासाभरात भट्टी होते. वधूपक्षाच्या खोलीत, पंख्याखाली ठेवा.

बुकेची गोष्ट वेगळी. त्याला देठ असतात, म्हणून रात्री घरी आल्यावर देठ इंचभर तिरके कापून पाण्यात उभे करा. हार मात्र कोरड्या कागदात गुंडाळून फ्रिजच्या खालच्या कप्प्यात ठेवा, फ्रीजरमध्ये नाही. त्या कप्प्यात आंबे, केळी किंवा चिकू असतील तर ते बाहेर काढा. पिकणारी फळं इथिलीन वायू सोडतात आणि त्याने फुलं लवकर कोमेजतात. उन्हाळ्यातल्या लग्नघरात फ्रिजमध्ये आंबे नाहीत असं होत नाही, म्हणून हे मुद्दाम सांगितलं.

सकाळी हार सोडवण्याआधी त्याचा आणि बुकेचा दोन-तीन बाजूंनी फोटो घ्या. फ्रेम लावताना कुठलं फूल कुठे होतं हे त्याशिवाय आठवत नाही.

सिलिकामधली वाळवण

आकार आणि रंग दोन्ही राखायचे असतील तर सिलिका जेलला पर्याय नाही. चपला-पर्सच्या खोक्यातल्या पुड्यांमधले गोल मणी नकोत. ते पाकळीवर खळगे पाडतात. बारीक, रव्याएवढ्या दाण्याचं पांढरं सिलिका जेल घ्या, केमिकलच्या दुकानात किंवा ऑनलाइन. आठ-दहा फुलांना दीड ते दोन किलो लागतं. सोबत सिलिकाचेच मूठभर केशरी दाणे आणून मलमलच्या पुरचुंडीत बांधा. ओलावा धरला की ते हिरवट होतात, म्हणजे माल अजून कोरडा आहे का ते कळतं. निळे दाणे स्वस्त दिसले तरी घेऊ नका, त्यात कोबाल्ट क्लोराइड हे घातक रसायन असतं.

आता फूल तयार करा. हारातला गुलाब सुईने ओवलेला असतो, त्यामुळे पाकळ्यांच्या बुडाशी भोक असतं. दोरा ओढू नका, दोन्ही बाजूंनी कात्रीने कापा. बुडाशी, हिरव्या भागावर, फेव्हिकॉलचा एक थेंब सोडून अर्धा तास वाळू द्या. वाळल्यावर गुलाब तिथूनच सुटतो. बाहेरच्या काळवंडलेल्या पाकळ्या काढून टाका. बुकेतल्या फुलाला इंचभर देठ ठेवा.

घट्ट झाकणाचा प्लॅस्टिकचा डबा घ्या. तळाशी दोन बोटं सिलिकाचा थर द्या, त्यात गुलाब तोंड वर करून रोवा. पुढचं काम घाईने होत नाही. चमच्याने सिलिका आधी फुलाभोवती, बाहेरच्या पाकळीच्या उंचीपर्यंत ओता, म्हणजे पाकळी बाहेर लवत नाही. मग चमचा फुलाच्या मधोमध धरून थोडं थोडं आत सोडा. डब्याच्या कडेवर बोटाने टिचकी मारलीत की दाणे आपोआप पाकळ्यांच्या मधल्या फटींत उतरतात आणि पाकळ्या किंचित उघडतात. परत बाहेरून, परत आतून. एका गुलाबाला पाच मिनिटं लागली तरी चालतील. शेवटी फूल पूर्ण बुजलं पाहिजे. एका डब्यात एकाच जातीची फुलं ठेवा, कारण त्यांचा वेळ सारखा असतो. पुरचुंडी वर ठेवा आणि झाकण लावून कडेने चिकटपट्टी मारा. ही धूळ श्वासात जाऊ नये म्हणून मास्क लावा.

गुलाबाला पाच ते सात दिवस, जिप्सोफिलाला दोन-तीन, ऑर्किडला दहा-बारा. तपासताना पाकळीवर विश्वास ठेवू नका. ती आधी कुरकुरीत होते. बुडाचा जाड हिरवा भाग दाबून पाहा. तो अजून लवत असेल तर फक्त बूड सिलिकात आणि पाकळ्या बाहेर असं आणखी दोन दिवस ठेवा. काढताना डबा तिरका करून सिलिका हळूहळू दुसऱ्या भांड्यात ओता, फूल उघडं पडलं की खालून उचला आणि मऊ ब्रशने पाकळ्यांतली पूड झाडा.

वापरलेलं पांढरं सिलिका स्टीलच्या ताटात पसरून 120 अंश सेल्सिअसला दोन तास तापवलं की परत कामाला येतं. केशरी दाणे त्यात मिसळू नका, आणि स्वयंपाकाच्या ओव्हनमध्ये तापवू नका.

सिलिका नको असेल तर धुऊन, वाळवून, चाळलेली बारीक वाळू चालते. वाळू फक्त फुलाचा आकार धरते, पाणी शोषत नाही. म्हणून डबा उघडा ठेवायचा आणि दोन-तीन आठवडे धीर धरायचा.

सावलीत टांगणं, दाबणं

झेंडू, जिप्सोफिला आणि लहान गुलाब उलटे टांगूनही वाळतात. चार-पाच देठांच्या जुड्या रबरबँडने बांधा, कारण देठ आकसले तरी रबर पकड सोडत नाही. जागा अंधारी आणि वारा खेळता हवी. नाशिककरांना हे वेगळं सांगायला नको. बेदाण्याचा हिरवा रंग टिकवायला द्राक्षं शेडमध्ये सावलीत वाळवतात, फुलांचंही तसंच. फेब्रुवारी ते मे हवा कोरडी असते तोवर दोन आठवड्यांत काम होतं. जूनच्या मध्यापासून हा प्रकार करू नका, फुलांना बुरशी येते. तुळशीच्या लग्नानंतरच्या लग्नांनाही ही पद्धत चालते, वेळ थोडा जास्त लागतो.

अबोली, जिप्सोफिला आणि सुट्या गुलाबपाकळ्या दाबून ठेवायला उत्तम. वर्तमानपत्राची शाई उठते, म्हणून कोऱ्या टीपकागदात ठेवा, वर जाड पुस्तकं. पहिल्या आठवड्यात एक दिवसाआड कागद बदला. गुळगुळीत मासिकाचा कागद ओल पीत नाही.

रेझिनबद्दल

रेझिन म्हणजे दोन बाटल्यांतले द्रव मिसळले की घट्ट होणारं प्लॅस्टिक; त्याच्या पारदर्शक ठोकळ्यात फूल बंद करण्याची सध्या फॅशन आहे. माझं मत विचाराल तर पहिल्याच प्रयत्नात लग्नाचं फूल रेझिनमध्ये घालू नये. आधी बाजारातून आणलेल्या गुलाबावर हात बसवा. अर्धवट वाळलेलं फूल आत तपकिरी होतं आणि मग ते काढता येत नाही. पांढऱ्या पाकळ्या रेझिन पिऊन पारदर्शक दिसतात. दोन बाटल्यांतलं प्रमाण प्रत्येक कंपनीचं वेगळं असतं, आणि ते वजनाने की मापाने हेही बाटलीवर वाचावं लागतं. फूल तरंगतं म्हणून आधी पातळ थर ओतून तो घट्ट होऊ द्या, त्यावर फूल चिकटवा, मग पुढचे थर द्या. हातमोजे घाला, खिडक्या उघडा. डिसेंबर-जानेवारीत रात्री पारा दहाच्या आसपास उतरला की रेझिन नीट धरत नाही, आणि पावसाळ्यात दमट हवेने त्यावर दुधट साय येते. उन्हात ठेवलेला ठोकळा काही वर्षांत पिवळा पडतोच.

फ्रेम

फ्रेमवाल्याला दोन ते तीन इंच खोलीची फ्रेम सांगा. काच फुलाला टेकता कामा नये. मागे हातमागाचं किंवा अंतरपाटाचं कापड लावलंत तर छान दिसतं, पण त्याला अत्तर किंवा तेल लागलेलं नको. फुलं गरम गोंदाच्या बंदुकीने नाही तर फेव्हिकॉलने चिकटवा; गरम गोंदाने नाजूक पाकळी आकसते. लग्नपत्रिका ठेवायची असेल तर तिची प्रत ठेवा, मूळ पत्रिका कपाटात. अक्षता ठेवायच्या असतील तर तांदूळ घट्ट पिशवीत घालून चार दिवस फ्रीजरमध्ये ठेवा, मग खोलीच्या तापमानाला आल्यावरच पिशवी उघडा. नाहीतर पावसाळ्यात सोंडे होतात आणि ते फुलांपर्यंत पोचतात.

मागची बाजू बंद करण्याआधी सिलिकाची एक छोटी पुडी कापडाच्या मागे लपवा आणि सगळ्या कडांना चिकटपट्टी मारा. फ्रेम पश्चिमेच्या उन्हात, स्वयंपाकघराच्या किंवा न्हाणीघराच्या भिंतीवर नको.

घरातली आजी म्हणेल की निर्माल्य घरात ठेवू नये. तिच्याशी वाद घालण्यापेक्षा हार सोडून द्या आणि रिसेप्शनच्या बुकेतलीच फुलं वाळवा, तिचं मन राहील. उरलेला हार गोदावरीत सोडू नका. दोरा, मणी आणि जर वेगळी काढा, आणि फुलं कुंडीतल्या मातीत मिसळा किंवा खताच्या खड्ड्यात टाका.

दरवर्षी आषाढ सुरू होण्याआधी फ्रेमच्या मागची पट्टी तपासा. तळाशी तपकिरी भुकटी दिसली तर आत कीड लागली आहे; फ्रेम उघडा, लागलेलं फूल बाहेर काढा, पुडी बदला आणि परत बंद करा.