आखूड नळीचा बार आणि आपले कान: नेमबाजाने काय घ्यावं, कसं घ्यावं

बेळगावात कानाची तपासणी करून यंत्रं बसवायचं माझं काम. खानापूर, निपाणी, चिकोडीकडून येणाऱ्यांत निवृत्त फौजी बरेच असतात. काहीजण पुढं बँकेच्या दारात बारा बोअरची बंदूक घेऊन उभे राहिलेले. आता त्यांची पोरं रायफल क्लबात जातात आणि मला विचारतात, "ताई, आखूड नळीच्या रायफलीला कुठला सायलेन्सर चांगला?" मोबाईलवर अमेरिकेतले व्हिडिओ बघितलेले असतात, त्यामुळं प्रश्न येणारच.

सायलेन्सरचा विषय आधी संपवते. आपल्याकडच्या १९५९ च्या शस्त्र कायद्यात गोळीबाराचा आवाज किंवा ज्वाळा कमी करणारा जोडभागसुद्धा 'बंदुकी'च्या व्याख्येतच धरलाय. तेव्हा कुणी "मिळवून देतो" म्हणाला तर त्या वाटेला जाऊ नका. आणि जिथं तो कायद्यानं मिळतो, तिथंही त्यानं कान पूर्ण वाचत नाहीत. रायफलीचा बार चालवणाऱ्याच्या कानाशी साधारण १५५ ते १६५ डेसिबलपर्यंत जातो. चांगला सायलेन्सर त्यातले वीस ते तीस-पस्तीस कमी करतो. क्षणिक आवाजासाठी १४० ही धोक्याची रेघ मानतात, म्हणजे जेमतेम रेघेच्या आसपास आलो. शिवाय बहुतेक रायफलींची गोळी आवाजापेक्षा वेगानं जाते, तिचा हवेतला फटाका सायलेन्सर थांबवू शकत नाही.

नळी आखूड असली की दुहेरी मार बसतो. गोळी बाहेर पडते तेव्हा मागच्या वायूचा दाब अजून उतरलेला नसतो, आणि नळीचं तोंड कानाच्या जवळ आलेलं असतं. तोंडाला झटका कमी करणारा ब्रेक असेल तर वायू बाजूला आणि मागं फेकला जातो, म्हणजे शेजारच्या लेनवाल्याचेही हाल. वर पत्रा, बाजूला भिंत असेल तर आवाज परत अंगावर येतो. अशा जागी एक साधन पुरत नाही.

म्हणून पैसे घालायचे ते कानांच्या साधनांवर. माझं पहिलं सांगणं: खोक्यावरचा आकडा बघून घेऊ नका, बसतंय कसं ते बघून घ्या. अमेरिकन मालावर 'एनआरआर' आणि युरोपियन मालावर 'एसएनआर' लिहिलेलं असतं, म्हणजे साधन किती डेसिबल आवाज अडवतं त्याचा आकडा; दोन्ही आकडे प्रयोगशाळेतले. ३३ लिहिलेला, कानात घालायचा फोमचा प्लग घाईत अर्धवट कोंबला तर त्याच्या निम्माही उपयोग होत नाही. कापसाचा बोळा तर विसराच, त्यानं बार अडत नाही.

फोमचा प्लग घालायची रीत नीट शिका, कारण दहा-वीस रुपयांची ही वस्तू नीट बसली तर महागड्या मफपेक्षा (हेडफोनसारखे कानांवर बसणारे कप) सरस ठरते. हात धुवा. प्लग बोटांत लाटून सुरकुती न पडता बारीक करा. उजव्या कानात घालताना डावा हात डोक्यावरून घेऊन कानाचा वरचा भाग वर आणि मागं ओढा, म्हणजे आतली वाकडी वाट सरळ होते. प्लग आत सरकवा आणि फुगेपर्यंत वीस-तीस सेकंद बोटानं धरून ठेवा. आरशात बघा: समोरून प्लगचं टोक बाहेर डोकावताना दिसलं तर तो आत गेलेला नाही, काढा आणि परत घाला. मग दोन्ही तळहात कानांवर गच्च दाबा. हात लावल्यावर आवाज एकदम कमी झाला, तर प्लग नीट बसलेला नाही. कानाची वाट लहान असलेल्या पोरींना नेहमीचा प्लग दुखतो, त्यांनी लहान मापाचा मागून घ्यावा.

मफ घेताना मुख्य अडचण रायफलीच्या बटाची, म्हणजे खांद्याला टेकवायच्या मागच्या भागाची. गाल बटावर टेकला की जाड कप त्याला अडतो, वर सरकतो आणि फट पडते. म्हणून खालून निमुळता, पातळ कप बघा. दुकानात रायफल नेता येत नाही, खरं एक जाडसर काठी खांद्याला लावून गाल टेकवून बघता येतं. लाज वाटून घेऊ नका. चष्मा घालत असाल तर चष्मा घालूनच बघा, जाड काडीनं मफची गादी उचलली की आवाज तिथूनच शिरतो. काडी पातळ हवी. एप्रिल-मेच्या घामात गादी कडक होते, चिरते. ती बदलून मिळेल असाच मफ घ्या.

इलेक्ट्रॉनिक मफ काही हजारांना पडतो. तो बाराचा आवाज दाबतो आणि बोलणं ऐकू देतो. "फायर बंद" ही आज्ञा ऐकू यावी म्हणून पोरं मफ उचलतात, आणि नेमका तेव्हाच शेजारचा बार होतो. शिकणाऱ्याला हा खर्च मला पटतो. आखूड नळी किंवा बंदिस्त रेंज असेल तर आत फोमचा प्लग, वर मफ, दोन्ही घाला. दोन्ही आकड्यांची बेरीज होत नाही, मोठ्या आकड्यावर पाचेक डेसिबल वाढतात, तरी तेवढे हवेतच.

उजव्या खांद्यावरून मारणाऱ्याचा डावा कान आधी जातो, कारण तो नळीच्या तोंडाच्या बाजूला असतो आणि उजवा डोक्याच्या आडोशाला. कानाच्या तपासणीच्या आलेखात ३००० ते ६००० हर्ट्झच्या मध्ये खड्डा दिसतो, बहुधा ४००० ला. माणूस म्हणतो, "ऐकू येतंय हो, पण नातीचं बोलणं कळत नाही." स, श, त ही अक्षरं आधी पुसट होतात. कानातल्या आवाज टिपणाऱ्या केसपेशी एकदा मेल्या की परत उगवत नाहीत, माझं यंत्रही त्या आणून देत नाही.

सराव सुरू करायच्या आधीच एक तपासणी करून ठेवा, पुढं तुलनेला तोच कागद लागतो. तपासणीआधी किमान १४ तास मोठ्या आवाजापासून लांब राहा. बार झाल्यावर कान वाजायला लागला तर तिथंच थांबा. दुसऱ्या दिवशीही वाजत असेल किंवा दडा बसलेला असेल, तर तेल न घालता त्याच दिवशी कान-नाक-घसा डॉक्टरांकडे जा. अचानक गेलेल्या ऐकण्यावर औषध सुरुवातीच्या दिवसांतच लागू पडायची शक्यता जास्त असते.