माजी सैनिकांचा सत्कार करताय? आधी हे बघा
आधी त्यांनाच विचारा, स्टेजवर यायला आवडेल का, बऱ्याच जणांना नाही आवडत, आणि फटाके तर नकोच, काहींना तो आवाज खरंच सहन होत नाही. "किती जणांना मारलं?" असलं कधीच विचारू नका, युनिट कुठलं, सोबती कोण होते ते विचारा, मग बघा माणूस कसा खुलतो, तेव्हा फोन खिशात ठेवा प्लीज.
बायकोलाही नाव घेऊन पुढे बोलवा, प्रत्येक बदलीला घर तिनंच आवरलंय.
पहिलं महायुद्ध ११ नोव्हेंबर १९१८ ला सकाळी ११ वाजता थांबलं, म्हणून बऱ्याच देशांत तेव्हा २ मिनिटं शांत उभं राहतात, तसंही करता येईल.
शहिदाच्या घरी मात्र हार घेऊन एकदाच जाऊ नका, पेन्शनचे कागद भरायला सोबत बसा.