टीबी निघालाय आणि नोकरीही टिकवायची आहे: पहिल्या आठवड्यापासून काय करावं

पिंपरी-चिंचवडच्या औद्योगिक पट्ट्यात मी टीबी हेल्थ व्हिजिटर म्हणून काम करते. माझ्याकडे येणारे लोक प्रेस शॉपमधले, फाउंड्रीतले, कॅन्टीनमधले, गार्मेंटमधल्या बायका, रिक्षावाले, घरकाम करणाऱ्या मावश्या. निदान सांगितल्यावर ‘मी बरा होईन ना?’ हे फार थोडे जण आधी विचारतात. ‘कंपनीत कळेल का?’ हे बहुतेक जण विचारतात. काही जण काहीच बोलत नाहीत, नुसतं हातातल्या कार्डाकडे बघत बसतात.

साधा टीबी सहा महिन्यांच्या गोळ्यांनी बरा होतो. तरीही कोर्स अर्धवट सुटतात. मी पाहिलेल्या बहुतेक घरांत कारण एकच असतं: काम गेलं किंवा जाईल ही भीती, आणि त्यापायी माणसाचं खचलेलं मन. म्हणून कामाची आणि घरातली व्यवस्था पहिल्याच आठवड्यात लावून टाका. पुढचे महिने सोपे जातात.

आधी डॉक्टरांकडून नीट समजून घ्या

टीबी फुफ्फुसाचा आहे की गाठीचा, हाडाचा, पोटाचा, हे विचारा. फुफ्फुसाबाहेरचा टीबी सहसा दुसऱ्याला लागत नाही, म्हणजे कामावरची निम्मी चिंता तिथेच मिटते. बेडक्याच्या तपासणीत नेहमीच्या औषधांना दाद देणारा टीबी आहे की एमडीआर, म्हणजे त्यातल्या मुख्य औषधांना न जुमानणारा, तेही विचारा. आणि सगळ्यात महत्त्वाचं, कामावर कधीपासून जायचं ती तारीख कागदावर लिहून मागा. फुफ्फुसाचा टीबी असला आणि औषधं लागू पडत असली, तर साधारण दोन आठवड्यांत लागण होण्याचा धोका खूप कमी होतो. तोंडी सांगितलेलं सुपरवायझर मानत नाही. शिक्क्याचा कागद मानतो.

कुणाला सांगायचं, कुणाला नाही

घरात सांगावंच लागेल. घरच्यांची तपासणी करायची असते आणि पाच वर्षांखालचं मूल असेल तर त्याला आजार नाही याची खात्री करून प्रतिबंधक औषध सुरू करायचं असतं. लपवलं तर ते राहून जातं.

कामावर मात्र एकाच माणसाला सांगा. असा माणूस निवडा, ज्याच्या हातात तुमची रजा आणि ड्युटी आहे. लाइनवरच्या मित्राला आधी सांगितलं की संध्याकाळपर्यंत ते कॅन्टीनमध्ये पोचतं आणि साहेबांच्या कानावर जाईपर्यंत त्याचं भलतंच झालेलं असतं. बोलायचं कसं, हे मी लोकांकडून आमच्याच खोलीत दोनदा म्हणवून घेते:

‘साहेब, मला टीबी निघालाय. गोळ्या सुरू झाल्यात. डॉक्टरांनी पंधरा दिवस घरी राहायला सांगितलंय. त्यानंतर माझ्यापासून कुणाला लागायची भीती फारशी राहत नाही, तसा कागद आणून देतो. गोळ्या आणायला आणि तपासणीला मधूनमधून अर्धा दिवस लागेल. बाकीच्यांना काय सांगायचं ते मी माझं बघेन, तेवढं तुमच्यापाशी ठेवा.’

मान खाली घालून, माफी मागितल्यासारखं बोलू नका. तुम्ही काही गुन्हा केलेला नाही. सुपरवायझर घाबरला तर आमच्यापैकी कुणाला तरी त्याच्याशी बोलायला सांगा, पण तुमची परवानगी असेल तरच. तसंच, घरी आम्ही आलेलं तुम्हाला नको असेल तर सांगा. चाळीत आमची बॅगसुद्धा ओळखतात. आम्ही दवाखान्यात भेटू, चौकात भेटू.

रजा आणि पैसे

पगारातून ईएसआयसी, म्हणजे कामगारांच्या सरकारी विम्याचा हप्ता, कापली जात असेल तर लगेच ईएसआयच्या दवाखान्यात जा. महिना 21,000 रुपयांपर्यंत पगार असलेल्यांना ही योजना लागू आहे. नेहमीच्या आजारपणात वर्षाला 91 दिवसांपर्यंत पगाराच्या 70 टक्के रक्कम मिळते. टीबी हा त्यांच्या दीर्घ आजारांच्या यादीत आहे. दोन वर्षं सलग विमाधारक असाल आणि हप्ते नीट भरलेले असतील, तर 80 टक्के दराने दोन वर्षांपर्यंत लाभ मिळू शकतो. बऱ्याच कामगारांना हे माहीतच नसतं. ते बिनपगारी घरी बसतात, नाहीतर ताप अंगात घेऊन मशीनवर उभे राहतात. कॉन्ट्रॅक्टवर असाल तरी पगाराच्या स्लिपवर विमा क्रमांक आहे का बघा. कॉन्ट्रॅक्टर ‘तुला नाही लागू’ म्हणाला, तेवढ्यावर परत फिरू नका.

टीबी रुग्णांच्या आहारासाठी असलेल्या सरकारच्या निक्षय पोषण योजनेतून उपचार चालू असेपर्यंत महिन्याला 1,000 रुपये खात्यात येतात. 2018 मध्ये ते 500 होते, नोव्हेंबर 2024 पासून वाढले. खातं आधारशी जोडलेलं नसेल तर पैसे अडकतात, म्हणून पासबुक पहिल्याच भेटीत घेऊन या. निक्षय मित्रांकडून, म्हणजे टीबी रुग्णांना मदत करायला पुढे आलेल्या लोकांकडून आणि संस्थांकडून, काही ठिकाणी धान्याचं किटही मिळतं. ते घ्यायला लाजू नका. झारखंडमध्ये टीबी रुग्णांच्या घरच्यांना महिन्याचं रेशन देऊन केलेला मोठा अभ्यास 2023 मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात घरातल्या इतरांना टीबी होण्याचं प्रमाण 39 टक्क्यांनी कमी झालं. म्हणजे त्या किटातली डाळ तुमच्याइतकीच तुमच्या पोरांसाठी आहे.

रोजंदारीवर असणाऱ्यांसाठी मात्र माझ्याकडे सोपं उत्तर नाही. रोज गेलं नाही तर चूल पेटत नाही. अशा वेळी निदान पहिले दोन आठवडे तरी कोण निभावेल, भाऊ, बचत गट, गावाकडून काही धान्य, हे निदान झालेल्या दिवशीच घरात बसून ठरवा. कर्ज काढून खासगीत औषधं घेत बसू नका, सरकारी दवाखान्यात ती पूर्ण मोफत आहेत.

घरातलं ताट

एका घरी मी ओट्याजवळ उभी होते. मांडणीतली सगळी ताटं सारखी, फक्त एका ताटाच्या मागे लाल नेलपॉलिशचा ठिपका. सून टीबीची पेशंट, ठिपका सासूबाईंनी लावलेला. सून म्हणाली, ‘ताई, गोळ्यांचा त्रास सोसता येतो. जेवायला बसले की हा ठिपका दिसतो, मग घास जात नाही.’ तिचं वजन महिनाभर हललं नव्हतं.

टीबी ताट-वाटीतून, कपड्यांतून, हात लावल्याने पसरत नाही. तो खोकल्यातून, हवेतून पसरतो. म्हणून खिडकी उघडी ठेवायची, सुरुवातीला मास्क लावायचा, खोकताना तोंडावर रुमाल धरायचा, थुंकी झाकणाच्या डब्यात टाकायची. भांडी वेगळी केल्याने कुणाचं संरक्षण होत नाही, फक्त माणूस एकटा पडतो.

वडीलधाऱ्यांना हे सांगताना वाद घालू नका. त्यांच्या लहानपणी टीबी म्हणजे सॅनिटोरियम, माणूस गेला की परत यायचा भरवसा नाही. त्यांची भीती खऱ्या आठवणीतून आलेली आहे. मी त्यांना मद्रासची गोष्ट सांगते. तिथे 1950च्या दशकात काही रुग्णांना सॅनिटोरियममध्ये ठेवलं आणि काहींना त्यांच्या दाटीवाटीच्या घरांतच औषधं दिली. 1959 मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले: घरी राहिलेलेही जवळपास तितकेच बरे झाले आणि त्यांच्या घरच्यांना जास्त लागण झाली नाही. त्या सासूबाईंनी हे ऐकून घेतलं, काही बोलल्या नाहीत. पुढच्या भेटीत ठिपका खरवडलेला होता.

लग्न झालेल्या मुलीला ‘बरी होईपर्यंत’ माहेरी पाठवण्याची पद्धत अजून आहे. तिची इच्छा असेल तर जाऊ दे, पण तिथे गोळ्या कुठून मिळणार ते आधी आमच्याकडून ट्रान्सफर करून घ्या. आणि बायकांनो, एक गोष्ट कुणी सांगत नाही: टीबीच्या गोळ्यांमधल्या रिफाम्पिसिनमुळे गर्भनिरोधक गोळ्यांचा परिणाम कमी होतो. तांबी किंवा निरोधबद्दल विचारून घ्या.

कामावर परत गेल्यावर

लघवी केशरी-लाल होईल. ती त्याच रिफाम्पिसिनमुळे, रक्त नव्हे. कंपनीच्या सामाईक मुतारीत हे पहिल्यांदा बघून पोरं हादरतात, म्हणून आधीच सांगून ठेवते. गोळ्यांनी मळमळत असेल तर वेळ बदलता येते का ते डॉक्टरांना विचारा, शिफ्टप्रमाणे बसवता येते. रात्रपाळी पहिले दोन महिने टाळता आली तर फार बरं.

गार्मेंटमधल्या एका बाईला लाल आणि हिरव्या दोऱ्याची रिळं वेगळी ओळखू येईनात. सुपरवायझर ओरडला, तिला वाटलं आपलं लक्ष लागत नाही, टेन्शनमुळे होतंय. इथाम्ब्युटॉल या गोळीचा डोळ्यांवर असा परिणाम होऊ शकतो. ती त्याच आठवड्यात आली म्हणून गोळी वेळेत बदलता आली. रंग फिके वाटले, नजर अंधुक झाली तर लगेच सांगा. ड्रायव्हर, वेल्डर, शिलाईवाले यांनी तर नक्कीच. डोळे पिवळे झाले, उलट्या थांबेनात, तर पुढची गोळी घेण्याआधी त्याच दिवशी दवाखाना गाठा.

फाउंड्रीत, दगडखाणीत, सँडब्लास्टिंगवर असाल तर विभाग बदलून मागा. सिलिकाच्या धुळीने टीबीचा धोका वाढतो, त्यामुळे जुन्याच जागी परत जाणं तुमच्या फुफ्फुसांना परवडणार नाही. अर्ज साधा लिहा: ‘माझ्यावर फुफ्फुसाच्या आजाराचे उपचार सुरू आहेत. डॉक्टरांच्या सल्ल्यानुसार धुळीचे व जड काम टाळावयाचे आहे. कृपया हलके काम द्यावे. प्रमाणपत्र सोबत जोडले आहे.’ एक प्रत स्वतःकडे ठेवा, दुसऱ्या प्रतीवर पोच घ्या.

मनाकडे बघा, वजनाइतकंच

दर भेटीला आम्ही वजन करतो. मी सोबत दोन प्रश्न विचारते, ते घरच्यांनीही विचारावेत. गेल्या पंधरा दिवसांत बहुतेक दिवस मन उदास होतं का? आधी आवडायच्या गोष्टी नकोशा झाल्यात का? दोन्हीला ‘हो’ आलं तर ‘अशक्तपणा आहे, जाईल’ म्हणून सोडू नका. टीबी थकवतोच, पण थकलेल्या माणसाला जरा बरं वाटलं की क्रिकेटचा स्कोअर विचारावासा वाटतो. उदास माणूस तोही विचारत नाही. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा नंबर मोफत आहे, मराठीत बोलता येतं. टीबीच्या औषधांबद्दल 1800-11-6666 वर विचारता येतं.

एमडीआरच्या काही कोर्समध्ये सायक्लोसेरिन असतं. त्याने चिडचिड, भास, जिवाचं बरंवाईट करण्याचे विचार येऊ शकतात. घरातला माणूस एकदम वेगळा वागायला लागला तर ते औषधाचं असू शकतं. तो त्याचा स्वभाव समजू नका, बोलून दुखवू नका, एकटं सोडू नका, त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा.

पुरुषांमध्ये उदासी बऱ्याचदा दारूतून दिसते. गोळ्यांचा ताण आधीच लिव्हरवर असतो, दारूने तो धोक्याचा होतो. बायको ओरडून ते थांबत नाही. त्याला दिवसाचं काही काम द्या. एका घरी नवऱ्याकडे पोराला शाळेत सोडायचं काम दिलं, मास्क लावून, चालत. नोकरी बंद असलेल्या माणसाला सकाळी आठ वाजता कुठेतरी जायचं असणं फार मोठं असतं.

तिसरा महिना

इथे घसरतं. खोकला गेलेला, भूक वाढलेली, अंगात ताकद आलेली. कंपनीत ओव्हरटाइम सुरू, मागचं कर्ज फेडायचंय, दवाखान्यात यायला वेळ नाही. गोळ्यांची आठवण नको वाटते, कारण गोळ्या म्हणजे आजाराची आठवण. हे मला पूर्ण कळतं. तरी याच महिन्यात घरातल्या एकाने रोज गोळी डोळ्यांसमोर घ्यायला लावायची. शक्यतो बायकोवर हे ओझं टाकू नका, तिच्याकडे आधीच पुष्कळ आहे. आठवी-नववीतली मुलगी किंवा धाकटा भाऊ हे काम छान करतो. ओव्हरटाइमसाठी तारीख हुकणार असेल तर आधी फोन करा, घरच्या माणसाच्या हाती गोळ्या देता येतात.

कोर्स संपल्यावर शेवटची तपासणी करून घ्या आणि उपचार पूर्ण झाल्याचा कागद मागून घ्या. त्याची झेरॉक्स कंपनीच्या फाइलला लावा. पुढची दोन वर्षं दर सहा महिन्यांनी दाखवायला या, त्यासाठी कामावरून अर्धा दिवस आधीच सांगून ठेवा.